कार्यरचना आणि कर्मचारी गळती

कर्मचारी नोकरी सोडून जाऊ लागले की अपुरे वेतन हे कारण आपल्याला प्रथम सुचते. परंतु कर्मचाऱ्याचे टिकणे कार्यरचनेवर, म्हणजे त्याच्या कामाची आखणी कशी केली आहे यावरही अवलंबून असते. या दृष्टीने अमेरिकेतील फोर्ड मोटार कंपनीचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे.

हायलंड पार्क येथील कारखान्यात इंजिनाच्या प्रज्वलनासाठी लागणारा मॅग्नेटो एकच कामगार सुमारे २० मिनिटांत पूर्ण जुळवीत असे. १९१३ मध्ये या कामाचे २९ लहान क्रियांत विभाजन करण्यात आले आणि लागणारा वेळ सुमारे १३ मिनिटांवर आला. उत्पादन वाढले, मात्र कामगाराच्या वाट्याला दिवसभर एकच हालचाल उरली. त्या वर्षी कारखान्यातील कर्मचारी गळतीचे प्रमाण सुमारे ३७० टक्के होते. याचा अर्थ, एक जागा भरलेली ठेवण्यासाठी वर्षभरात सरासरी जवळजवळ चार माणसे नेमावी लागत. या गळतीला अन्य कारणेही होती, तरी कामातील एकसुरीपणा हे त्यांतील महत्त्वाचे कारण मानले जाते.

जानेवारी १९१४ मध्ये कंपनीने नफ्यातील वाट्यासह ५ डॉलर रोज जाहीर केला आणि कामाचे तास ९ वरून ८ केले. गळती झपाट्याने घटली; परंतु कामाचे स्वरूप तेच राहिले. म्हणजेच वाढीव वेतनाने कंटाळ्याची भरपाई केली, त्याचे निवारण केले नाही.

स्वीडनमधील व्होल्वो कंपनीने याच समस्येवर निराळा उपाय योजला. १९७४ मध्ये सुरू झालेल्या काल्मार येथील कारखान्यात अखंड जुळवणीपट्ट्याऐवजी छोट्या गटांकडे मोटारीच्या एकेका भागाची पूर्ण जबाबदारी सोपवण्यात आली.

याच दशकात हॅकमन व ओल्डहॅम यांनी कार्यरचनेची पाच वैशिष्ट्ये मांडली : कौशल्यांची विविधता, कामाची पूर्णता, कामाचे महत्त्व, स्वायत्तता आणि प्रत्याभरण, म्हणजे आपले काम कसे झाले हे कळणे. ही वैशिष्ट्ये असलेले काम सर्वांनाच सारखे भावते असे नाही. ज्यांना कामातून स्वतःचा विकास साधायचा असतो, त्यांच्यावर त्यांचा प्रभाव अधिक पडतो, हेही त्यांनी नमूद केले आहे.

तुम्ही नोकरी करीत असाल, तर आपले काम या पाच निकषांवर तपासून पाहा. उद्या तुमच्या हाताखाली माणसे असतील, तेव्हा नोकरी सोडणाऱ्याला चंचल ठरवण्यापूर्वी त्याला आपण कोणते काम दिले होते, हा प्रश्न प्रथम विचारा.