पंधरा टक्क्यांचा दावा

शस्त्रक्रियागृह चालविणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असते, की शल्यचिकित्सकाच्या मानधनाखेरीज ऑटोक्लेव्ह, जनरेटर, जैववैद्यकीय कचऱ्याची विल्हेवाट, नोंदी ठेवणारा कारकून यांचाही खर्च असतो. तो कोणा एका रुग्णाच्या नावावर मांडता येत नाही, इतकेच. विद्यापीठीय संशोधनाचेही तसेच आहे. इमारत, वीज, प्राणिगृह, कार्यालय यांवरील व्ययास अमेरिकेत ‘अप्रत्यक्ष खर्च’ म्हणतात. तेथील नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ ही शासकीय संस्था संशोधन-अनुदानासोबत त्याचाही वाटा देते. तो किती असावा, हे प्रत्येक विद्यापीठ शासनाशी हिशेब करून ठरविते. सरासरी दर 27 ते 28 टक्के, हार्वर्डचा 69.

शुक्रवार, 7 फेब्रुवारी 2025 रोजी या संस्थेने जाहीर केले, की सोमवारपासून सर्वांस सरसकट 15 टक्केच मिळतील, चालू अनुदानांवरसुद्धा! वर्षाला चार अब्ज डॉलरहून अधिक बचत होईल, असा दावा होता. सोमवारीच 22 राज्यांनी मॅसॅच्युसेट्सच्या संघीय न्यायालयात धाव घेतली; वैद्यकीय महाविद्यालयांची संघटना व विद्यापीठेही पुढे आली. न्यायाधीश एंजल केली यांनी त्याच दिवशी तात्पुरती व एप्रिलमध्ये कायमची मनाई केली. 5 जानेवारी 2026 रोजी अपील न्यायालयाने ती उचलून धरली.

हा विजय संशोधनाच्या थोरवीमुळे मिळाला, असे मात्र समजू नये. 2017 मध्ये असाच, 10 टक्के मर्यादेचा प्रस्ताव आला असता काँग्रेसने तो फेटाळला आणि 2018 च्या खर्चविषयक कायद्यात एक कलम घातले: या दरांच्या पद्धतीत फेरफार करण्यास निधी वापरता येणार नाही. पुढे ते वर्षानुवर्षे कायम ठेवले गेले. कोणा दूरदर्शी व्यक्तीने लिहिलेल्या त्या रुक्ष ओळींनीच प्रयोगशाळा तारल्या.

जेथे असे कलम नव्हते, तेथे वाट बिकट ठरली. विशिष्ट विषयांवरील शेकडो अनुदाने रद्द करणे बेकायदा आहे, असे न्यायाधीश विल्यम यंग यांनी जून 2025 मध्ये ठरविले. परंतु 21 ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्या निकालाचा एक भाग स्थगित केला. धोरणाविरुद्धचा दावा जिल्हा न्यायालयात चालेल. रद्द झालेल्या अनुदानाच्या पैशासाठी मात्र बहुधा वॉशिंग्टनच्या ‘कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्स’चे दार ठोठवावे लागेल. म्हणजे एकाच तक्रारीसाठी दोन न्यायालये! 3 सप्टेंबर रोजी हार्वर्डचे दोन अब्ज डॉलरहून अधिक अनुदान रोखणे घटनाबाह्य ठरले. त्यावरही शासनाने अपील केले.

कायदेपंडितांस हा भेद रास्त वाटेल. आपणां वैद्यांस मात्र अर्ध्यावर थांबलेली औषधचाचणी दिसते. पाठपुराव्याचे जे महिने बुडाले, त्यांतील रक्ताचे नमुने व रुग्णांच्या भेटी पुढे पैसे मिळूनही घेता येत नाहीत, आणि त्यांची भरपाई देणारे न्यायालय वॉशिंग्टनमध्येही नाही.