लहान खोदयंत्र

जुन्या वस्तीतील अरुंद गल्लीत पाण्याचा नळ टाकण्यासाठी चर खणावयाचा असतो. परंतु मोठ्या यंत्रास तेथे शिरावयास वाट नसते. अशा ठिकाणी लहान खोदयंत्र कामास येते. दाट वस्तीच्या जपानमध्ये १९७० च्या सुमारास ही यंत्रे वापरात येऊ लागली. त्यांचे वजन साधारणतः ६ टनांहून कमी असते. सर्वांत लहान यंत्रे तर १ मीटरपेक्षाही कमी रुंद असतात.

एवढ्याशा देहात बळ कोठून येते? इंजिन पंप चालविते आणि पंप तेलावर दाब देतो. कोंडलेल्या द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हा नियम १७ व्या शतकात फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल याने सांगितला. हे तेल नळकांड्यांतील दट्ट्यांना रेटते. त्यामुळे यंत्राचा बाहू हलतो व दातेरी बादली माती उपसते. खालचे पट्टे स्थिर ठेवून वरचा भाग सर्व बाजूंना फिरविता येतो.

परंतु यंत्राला डोळे नाहीत. मातीखाली विजेची तार असेल, तर बादली ती क्षणात तोडील आणि माणसांच्या जिवावर बेतेल. म्हणून अशा जागी आजही मजूर हाताने, जपून माती काढतात. यंत्र बळ देते. ते कोठे थांबवावयाचे, हे मात्र माणसालाच जाणावे लागते.