दुसरे इंजिन कशासाठी?

जुनी मोटार घेताना आपण ती किती किलोमीटर धावली ते पाहतो, ओळखीच्या मेकॅनिकला सोबत नेतो आणि मग घासाघीस करतो. जुने विमान घेणारेही साधारण हेच करतात. फरक एवढाच, की मोटार बिघडली तर ती रस्त्याच्या कडेला उभी करता येते.

अमेरिकेत खासगी विमान ही केवळ धनाढ्यांची मिरास नाही. तिथे शिक्षक, दंतवैद्य, शेतकरी अशी माणसेही तिघा-चौघांत मिळून जुने विमान बाळगतात. माझा भाचा तिकडे नोकरीला आहे. त्याने आणि त्याच्या तीन मित्रांनी दोन इंजिनांचे जुने विमान घ्यायचे ठरवले आणि मला फोन केला, ''मामू, एक इंजिन बंद पडलं तरी दुसरं आहेच. अम्मीला सांगा, काळजी करू नको.'' मी कला शाखेचा पदवीधर, कविता लिहिणारा माणूस. पण बहिणीला काय सांगायचे, हे ठरवण्यासाठी तरी मला हा विषय समजून घेणे भाग होते.

त्यांच्या मनात होते ते पायपर कंपनीचे ट्विन कमांची. चार आसने, दोन पंखांवर दोन पिस्टन इंजिने. पिस्टन इंजिन म्हणजे जेट नव्हे. आपल्या मोटारीसारखेच, पेट्रोलवर चालणारे. प्रत्येकाची ताकद १६० अश्वशक्ती. १९६३ ते १९७२ या काळात ही विमाने तयार झाली. १९७२ च्या जूनमध्ये ॲग्नेस वादळाचा पूर पेनसिल्व्हेनियातील लॉक हेवनच्या कारखान्यात शिरला आणि त्यांचे उत्पादन कायमचे थांबले. म्हणजे आज यातले सर्वांत तरुण विमानही पन्नाशी ओलांडलेले. तरीही ती उडतात, कारण विमानाचे वय वर्षांत कमी आणि उड्डाणाच्या तासांत व निगराणीत जास्त मोजले जाते.

आता भाच्याच्या त्या मुद्द्याकडे येऊ. एक इंजिन बंद पडले तर निम्मी ताकद उरते, हे खरे. पण विमान हवेत नुसते टिकवायलाच बरीच ताकद खर्ची पडते. वर चढणे होते ते उरलेल्या शिलकीतून. ट्विन कमांची दोन्ही इंजिनांवर मिनिटाला सुमारे १,४६० फूट चढते. एका इंजिनावर हा आकडा २६० च्या आसपास येतो. म्हणजे निम्मी ताकद गेली, पण चढण्याची क्षमता ऐंशी टक्क्यांहून अधिक गेली! हे आकडेही समुद्रसपाटीचे, थंड हवेचे आणि चांगल्या स्थितीतील विमानाचे. डेन्व्हर शहर सुमारे ५,२८० फुटांवर आहे, आपल्या महाबळेश्वरपेक्षाही उंच. तिथे उन्हाळ्याच्या दुपारी, विमान पूर्ण भरलेले असताना एक इंजिन गेले, तर चढणे सोडाच, आहे ती उंची टिकवणेही मुश्कील.

दुसरा धोका याहून मोठा. बैलगाडी पाहिलेल्यांना तो चटकन कळेल. जोडीतला एक बैल बसला, तर दुसरा गाडी निम्म्या वेगाने पुढे नेत नाही. तो ती वाकडी फिरवतो. विमानाचेही तसेच. चालू इंजिन विमानाला बंद इंजिनाच्या बाजूला वळवू पाहते. वैमानिक पायाने शेपटीचे सुकाणू दाबून ते सरळ ठेवतो. पण सुकाणूचे बळ वाऱ्यावर अवलंबून. वेग एका मर्यादेखाली गेला की सुकाणू निष्प्रभ होते आणि विमान काही क्षणांत कुशीवर वळून उलटते. ही मर्यादा वेगमापकावर लाल रेषेने दाखवलेली असते. तिच्या वर एक निळी रेषा असते. एका इंजिनावर सर्वांत चांगले चढता येते, तो हा वेग. उड्डाणानंतरच्या पहिल्या मिनिटात इंजिन गेले तर वेग सांभाळायचा, कोणते इंजिन गेले ते ओळखायचे आणि त्याच्या पंख्याची पाती धारेने वाऱ्याला सामोरी करायची, म्हणजे अडथळा कमी होतो. हे सारे मोजक्या सेकंदांत. घाईत चांगलेच इंजिन बंद केल्याची उदाहरणे आहेत. 'दुसरे इंजिन तुम्हाला अपघाताच्या जागेपर्यंत नेऊन सोडते,' असा एक कडवट विनोद वैमानिक करतात, तो यामुळेच.

मग दुसरे इंजिन हवेच कशाला? रात्री, डोंगरांवरून किंवा पाण्यावरून जाताना, पुरेशी उंची हाताशी असेल तर, तेच इंजिन वैमानिकाला विमानतळापर्यंत आणते. मात्र हात सरावलेला हवा.

आता खरेदीचे. विक्रेत्याने पहिल्या विमानाच्या नोंदवह्या भाच्याकडे पाठवल्या, भाच्याने त्या मला दाखवल्या. प्रत्येक दुरुस्ती, प्रत्येक वार्षिक तपासणी त्यांत नोंदलेली असते. यंत्रातले मला कळत नाही, पण दोन ओळींमधली रिकामी जागा वाचायची सवय आहे. चार वर्षांच्या नोंदी नीटनेटक्या होत्या. पण तेवढ्या काळात विमान उडाले होते जेमतेम अकरा तास. मी विचारले, ''हे चार वर्षं बसून होतं का?'' भाच्याच्या मेकॅनिकला हा प्रश्न महत्त्वाचा वाटला. या इंजिनांत कॅमशाफ्ट वरच्या अंगाला असतो. इंजिन उभे राहिले की त्यावरचे तेल निथळते, गंज चढतो आणि पुढे तोच गंजलेला भाग झिजून धातूचे कण तेलात उतरतात. तेलाचा फिल्टर कापून पाहिला, तर त्यात चकाकणारा चुरा निघाला. सौदा तिथेच मोडला. कमी वापरलेली मोटार आपण हौसेने घेतो; कमी उडालेल्या विमानाबाबत मात्र आधी कारण विचारावे. त्याचबरोबर ओक्लाहोमा सिटीतील सरकारी नोंदणी कार्यालयातून विमानावर कर्जाचा बोजा नाही ना, हेही पाहावे लागते.

किमतीचा सापळा वेगळाच. जुने दोन-इंजिनी विमान नव्या एक-इंजिनी विमानाच्या किमतीच्या लहानशा हिश्शात मिळते. पण विमान जुने झाले म्हणून त्याचे सुटे भाग स्वस्त होत नाहीत. निर्मात्याच्या शिफारशीनुसार इंजिन २,००० तासांनी किंवा १२ वर्षांनी पूर्ण उघडून नव्याने बांधायचे. समजा एकाला ३० हजार डॉलर धरले, तर दोघांचे ६० हजार. भागिले २,०००, म्हणजे उड्डाणाच्या दर तासाला ३० डॉलर नुसते बाजूला ठेवायचे. तासाला साधारण ६० लिटर पेट्रोल वेगळे. तेही शिसेयुक्त, जे २०३० च्या अखेरपर्यंत हद्दपार करण्याचे उद्दिष्ट अमेरिकेने ठेवले आहे. शिवाय विमा, हँगरचे भाडे, वार्षिक तपासणी. घेताना जुन्याचा भाव, पोसताना नव्याचा खर्च!

चौघांनी पुढे दुसरे विमान घेतले. घेण्याआधी एक अट मात्र लिहून ठेवली : दर सहा महिन्यांनी प्रशिक्षकाबरोबर, सुरक्षित उंचीवर, एक इंजिन बंद पडल्याचा सराव करायचा. ज्याचा सराव चुकेल, त्याने त्या काळात सुकाणूवर बसायचे नाही. बहिणीला मी काय सांगितले? दुसऱ्या इंजिनाचे काही बोललो नाही. या अटीचे तेवढे सांगितले.