वळिवड्याची चूल

शरणागतास आश्रय देणें आपण पुण्यकर्म मानतों. शिबिराजाची व कपोताची कथा मुलांनाही ठाऊक असते. मात्र आश्रय दिल्यावर दुसऱ्या दिवसापासून काय करावें, याविषयीं कथाकार मौन धरतात.

तो दुसरा दिवस आम्हांस कोल्हापुराजवळील वळिवडे गांवीं सांपडतो. दुसऱ्या महायुद्धांत रशियानें सैबेरियादि प्रांतीं हद्दपार केलेलीं पोलिश कुटुंबें इराणमार्गें हिंदुस्थानांत आलीं. त्यांतील सुमारें ५,००० माणसें १९४३ पासून १९४८ पर्यंत येथील छावणींत राहिलीं. बायका व मुलेंच फार. त्यांस बराकींत वेगळीं बिऱ्हाडें मिळालीं, बाजारहाट व स्वयंपाक ज्याचा त्यानें करावयाचा. आमच्या मतें खरें साह्य तें हेंच. आपल्या हातानें भाजी निवडून चुलीवर ठेवणारी बाई निर्वासित झाली तरी गृहिणी राहते. अन्नछत्राच्या रांगेंत तिचें तें पद जातें.

शाळाही त्यांच्या भाषेंत चालत. मातृभाषा सोडविली म्हणजे मूल नवी भाषा लौकर उचलतें, असें म्हणणारे विद्वान् आहेत. जन्मभर मुलें शिकवून आम्हांस तें पटलें नाहीं. युद्ध संपलें, तेव्हां यांपैकीं अनेकांचीं गांवें सोव्हिएत हद्दींत गेलीं होतीं. परतावयास घर नाहीं, म्हणून कित्येक इंग्लंडादि परक्या देशीं गेले. पण पोलिश म्हणूनच गेले. २०१९ सालीं त्यांतील कांहीं वृद्ध मंडळी मुद्दाम कोल्हापुरास येऊन गेली.

त्यांच्यामागून त्याच बराकींत फाळणीनें उठविलेलीं सिंधी कुटुंबें आलीं. आज तेथें गांधीनगर आहे, आणि लग्नाचा बस्ता बांधावयास भोंवतालचे लोक तेथें जातात.

पुढें १९७९–८० मध्यें कॅनडानें व्हिएतनाम, लाओस व कंबोडिया येथील ६०,००० निर्वासित घेतले. निम्म्याहून अधिकांचा भार नागरिकांनींच उचलला. पांच जणांनीं मिळून एका कुटुंबाची वर्षभराची हमी घ्यावी, अशी ती योजना होती. भाड्याची जागा, थंडीचे कपडे, मुलांची शाळा, वैद्याकडे सोबत, सर्व त्यांत आलें. पैशापेक्षां सोबतच अधिक लागली असावी.

आमच्या हर्सुलाकडेही शहर वाढत आलें आहे, आणि परप्रांतांतील बिऱ्हाडें येतात. त्यांच्या दारीं जुने कपडे व उरलेलें पक्वान्न पोंचविणारीं घरें पुष्कळ आहेत. त्यांच्या मुलाबरोबर शाळेच्या कचेरींत जाऊन प्रवेशाचा अर्ज लिहून देणारीं थोडीं. त्या अर्जास अर्धा तास लागतो.