विकत घेतलेली शस्त्रं आणि जोडलेले मित्र: कतारचं उदाहरण

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण कौटिल्याने सांगितलेली राज्याची सात अंगं पाहिली: स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र. एक प्रश्न तिथे राहून गेला होता. कोश अफाट, पण जनपद अगदी लहान असेल, तर दंड म्हणजे सैन्य नुसत्या पैशावर उभं राहतं का? आज त्यासाठी आपण कतार हा देश घेऊ.

कतार क्षेत्रफळाने साधारण आपल्या जळगाव जिल्ह्याएवढा. राहणारे तीस लाखांच्या आसपास, पण नागरिक त्यातले जेमतेम तीन-साडेतीन लाख. बाकीचे कामासाठी आलेले, त्यात भारतीय पुष्कळ. जमिनीवरचा शेजारी एकच, सौदी अरेबिया. समुद्रापलीकडे इराण, आणि ज्या वायूवर कतारची सगळी श्रीमंती उभी आहे, ते समुद्राखालचं वायुक्षेत्र इराणबरोबर सामायिक!

२ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत गिळंकृत केला, तेव्हा आखातातल्या सगळ्याच छोट्या राज्यांना कळून चुकलं की नुसता पैसा सीमा राखत नाही. १९९२ मध्ये कतारने अमेरिकेशी संरक्षण करार केला. पुढे अल उदैदचा हवाई तळ स्वतःच्या पैशाने बांधला आणि अमेरिकेला वापरायला दिला. आज तिथे सुमारे १०,००० अमेरिकी सैनिक असतात.

मग आलं २०१७. ५ जूनला सौदी, अमिरात, बहारीन आणि इजिप्त यांनी कतारशी संबंध तोडले, रस्ते आणि आकाश बंद केलं. अमेरिकेच्या अध्यक्षांनी या नाकेबंदीला जाहीर पाठिंबा दिला. आणि गंमत बघा, दहाच दिवसांच्या आत त्याच अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांनी कतारला ३६ एफ-१५ विमानं विकण्याच्या १२ अब्ज डॉलरच्या करारावर सही केली. त्याच वर्षी डिसेंबरात ब्रिटनकडून २४ टायफून, आणि फ्रान्सकडे आधी मागितलेल्या २४ राफेलमध्ये आणखी १२ ची भर. ज्या हवाई दलाकडे पूर्वी डझनभर मिराज होती, त्याने ९६ नवी लढाऊ विमानं मागवली.

आता साध्या व्यवहाराने विचार करू. तीन जातींची विमानं म्हणजे सुटे भाग तीन तऱ्हेचे, प्रशिक्षण तीन तऱ्हेचं, खर्चही वाढीव. लष्करी हिशेबात हे बसत नाही. ‘मित्र’ या अंगाच्या हिशेबात मात्र बसतं. एक विमान विकलं की विकणाऱ्याचे कारखाने, कामगार आणि तंत्रज्ञ पुढची कित्येक वर्षं त्या देशाशी बांधले जातात. ब्रिटनने तर कतारी वैमानिकांबरोबर टायफूनचं संयुक्त पथकच उभं केलं.

जनपदाची अडचण मात्र सुटत नाही. २०१४ पासून कतारी तरुणांना सक्तीची लष्करी सेवा आहे, तरी माणसं बाहेरून आणावीच लागतात. त्या बाहेरच्यांची स्थिती किती नाजूक असते, हे आपण जवळून पाहिलं. संरक्षण सेवा देणाऱ्या खासगी कंपनीत काम करणाऱ्या आपल्या नौदलाच्या ८ निवृत्तांना तिथे २०२२ मध्ये अटक झाली, २०२३ मध्ये फाशीची शिक्षा झाली. ती नंतर कमी झाली, आणि २०२४ मध्ये ते सुटले.

या साऱ्या व्यवस्थेची परीक्षा २०२५ मध्ये झाली. २३ जूनला इराणने अल उदैदवर क्षेपणास्त्रं सोडली. म्हणजे मित्र घरात घेतला की त्याचं वैरही घरात येतं. ९ सप्टेंबरला हमासच्या नेत्यांना मारण्यासाठी इस्रायलने थेट दोहावर हल्ला केला. इस्रायल कोणाचा मित्र? अमेरिकेचाच! त्यानंतर अमेरिकेच्या अध्यक्षांनी कतारच्या सुरक्षेची हमी देणारा आदेश काढला. पण तो आदेश आहे, सिनेटने संमत केलेला करार नव्हे. पुढचा अध्यक्ष तो मागे घेऊ शकतो.

मग पैसा वाया गेला का? तसं म्हणता येत नाही. २०१७ मध्ये कतारवर स्वारी झाली नाही आणि जानेवारी २०२१ मध्ये नाकेबंदी उठली. पण खरेदीने विकणाऱ्याचा आपल्यात स्वार्थ निर्माण होतो, वचन निर्माण होत नाही. दोन गिऱ्हाइकांचे स्वार्थ आपसांत भिडले, की विकणारा आधी स्वतःचा हिशेब पाहतो. बलवानाशी संगत हा राजाला मोठा धोका, शत्रूशी झगडा जुंपला असेल तेवढाच अपवाद, असं कौटिल्य बजावतो, ते याचसाठी. कतारला तो अपवाद कायमचा जगावा लागतो आहे. वचन मग कशातून निर्माण होतं, त्याचा विचार आपण पुढच्या व्याख्यानात करू.