आधी फायली, मग लिनक्स
घरचा संगणक लिनक्सवर : लेखांक पाचवा

पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट चालवून बघा, असं गेल्या आठवड्यात सुचवलं होतं. ज्यांनी बघितलं त्यांच्या लक्षात आलं असेल, की सात-आठ वर्षांच्या जुन्या लॅपटॉपवरही ते सुरळीत चालतं, ब्राउझर उघडतो, गाणी वाजतात, आणि पडद्यावरची 'इन्स्टॉल' ही खूण सारखी खुणावत राहते. विंडोज १०ची नेहमीची अद्यतनं १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली. वाढीव सुरक्षेसाठी नाव नोंदवणाऱ्या घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मुदत मिळाली खरी, पण ज्या यंत्रात टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नाही किंवा प्रोसेसर जुन्या पिढीचा आहे, ते विंडोज ११च्या अटींत बसतच नाही. तेव्हा घाई होणं साहजिक आहे. तरीही ती खूण दाबण्याआधी एक काम उरकायला हवं, आणि आजचा लेखांक जवळजवळ सगळा त्या एकाच कामावर आहे : जुन्या मराठी फायली सोडवून घेणं.

सगळा व्यवहार इंग्रजीत करणाऱ्याला हा प्रश्न फारसा पडत नाही. त्याच्या वर्ड-एक्सेलच्या फायली लिब्रेऑफिसमध्ये उघडतात. एखादा तक्ता इकडेतिकडे सरकतो, तेवढंच. मराठी घरात मात्र १९९० ते २०१०च्या सुमारास टाइप झालेलं बरंचसं लेखन युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरीच्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, नसतं. सोसायटीच्या वार्षिक सभेची इतिवृत्तं, आजोबांच्या आठवणी, भजनी मंडळाची पुस्तिका, ट्रस्टच्या देणगीदारांची यादी, दिवाळी अंकाला पाठवलेली कथा. आणि पुण्यात हमखास सापडणारा ऐवज म्हणजे कुलवृत्तांत.

अशाच एका कुलवृत्तांताची फाइल अलीकडे पाहण्यात आली. नवी आवृत्ती काढायची म्हणून घरच्यांनी नारायण पेठेतल्या डीटीपीवाल्याकडून मिळालेली सीडी जपून ठेवली होती. फाइल पेजमेकरची, अक्षरं श्रीलिपी फॉन्टची. लिब्रेऑफिसने ती उघडली. (पेजमेकर ६ आणि ७च्या फायली ते वाचू शकतं, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.) पानांची मांडणीही ओळखू येण्याइतकी नीट आली. पण नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं आणि डोक्यावर टिंबं असलेली युरोपीय अक्षरं दिसत होती. वंशावळीच्या रेघा जागच्या जागी होत्या. माणसं ओळखू येत नव्हती.

फाइल खराब झालेली नव्हती, लिनक्सनेही ती बिघडवली नव्हती. ज्या विंडोजवर तो फॉन्ट नाही, तिथेही ती अशीच दिसली असती. असं का होतं हे एकदा समजून घेतलं, की पुढची सगळी वाट सोपी होते.

संगणक अक्षर साठवत नाही, अक्षराचा क्रमांक साठवतो. त्या काळच्या विंडोजमध्ये एका फॉन्टला असे जेमतेम २५६ क्रमांक उपलब्ध होते आणि त्यांवर इंग्रजीचा व युरोपीय भाषांचा ताबा होता. देवनागरीसाठी जागाच नव्हती. म्हणून फॉन्ट बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीची चित्रं बसवली. कृतिदेव फॉन्टचं उदाहरण घेऊ. त्यात पडद्यावर 'भारत' दिसतो, पण फाइलमध्ये साठवलेलं असतं एच, के, के, जे, आर. एच म्हणजे अर्धा भ, पहिल्या के-ने तो पूर्ण होतो, दुसरा के हा काना, जे म्हणजे र आणि आर म्हणजे त. फॉन्ट हा इंग्रजी अक्षरांवर चढवलेला मराठी मुखवटा असतो. मुखवटा काढला की खालचं एच-के-के-जे-आर उघडं पडतं.

श्रीलिपी, आकृती, शिवाजी, सी-डॅकचा सुरेख, प्रत्येकाचा मुखवटा निराळा. सी-डॅकच्याच एकभाषी आणि द्विभाषी फॉन्टांचे क्रमांकसुद्धा एकसारखे नाहीत. त्यामुळे फाइलमध्ये 'मार्गशीर्ष' शोधायला जावं तर सापडत नाही, नावं अकारविल्हे लावता येत नाहीत, आणि अंध व्यक्तीला पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर अशा फाइलीतून निरर्थक इंग्रजी अक्षरं वाचतं. जे दिसतं ते मराठी असतं, साठवलेलं मराठी नसतं.

याचा दोष डीटीपीवाल्यांच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. विंडोजला देवनागरी युनिकोड समजू लागलं ते विंडोज २०००पासून. पेजमेकरला तर ते शेवटपर्यंत समजलं नाही, आणि इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची बरी सोय २०१२च्या सीएस ६ आवृत्तीत आली. तोवर सदाशिव-नारायण-शनिवारातल्या छोट्या छोट्या खोल्यांतून, डोंगल लावून, ज्यांनी हजारो मराठी पुस्तकं जुळवली त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. त्यांच्यामुळे मराठी छापली गेली. फक्त ती अक्षरं एका विशिष्ट सॉफ्टवेअरच्या कुलपात राहिली, आणि त्या कुलपाची किंमत आपण आज देत आहोत. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची कितीतरी मराठी पुस्तकं ई-पुस्तक म्हणून यायला वेळ लागतो, त्याचं एक मोठं कारण हेच आहे.

या गोष्टीचा दुसरा अर्धा भागही पुण्यातच घडला, आणि तो सांगायला मला मनापासून आवडतं. १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झालं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं, भारतीय लिप्या संगणकावर आणणारं जिस्ट तंत्रज्ञान तिथे आलं. भारतीय लिप्यांना क्रमांक कसे द्यावेत याची इस्की नावाची पद्धत त्याच काळात आकाराला आली आणि १९९१मध्ये भारतीय मानक झाली. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीने देवनागरीची मांडणी घेतली ती इस्कीच्या १९८८च्या रूपावरून. म्हणजे आज फोनवर आपण जे मराठी टाइप करतो, त्याच्या क्रमांकांचा क्रम मुळात भारतात ठरलेला आहे. पुढे श्रीलिपी बनवणाऱ्या पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले युनिकोड फॉन्ट रेड हॅट कंपनीने घेतले आणि २००४मध्ये जीपीएल परवान्याखाली सर्वांना खुले केले. हेच लोहित फॉन्ट. २०११मध्ये त्यांचा परवाना आणखी सुटसुटीत झाला. रेड हॅटच्या पुण्यातल्या कार्यालयातली मंडळी वर्षानुवर्षं त्यांची निगा राखत होती. लिनक्सवर मराठी पान उघडल्यावर अक्षरं विनासायास नीट दिसावीत, यासाठी पुण्याच्या हातांनी असं पुष्कळ काम करून ठेवलं आहे. आपल्या गावात हे झालं, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असतं?

आता कृती. जुना संगणक अजून चालू आहे आणि फॉन्टही त्यावर आहेत, तोवरच हे करायचं. हाच लेखांकाचा मुद्दा आहे. विंडोज पुसल्यावर अशी फाइल नीट बघायला यंत्र शोधत फिरावं लागतं.

प्रत्येक महत्त्वाच्या फाइलीची आधी पीडीएफ करून घ्या. पीडीएफमध्ये फॉन्ट अंतर्भूत होतो, त्यामुळे ती कुठल्याही यंत्रावर जशीच्या तशी दिसते. तिच्यात शोधता येणार नाही, पण मूळ मजकूर नक्की काय होता याचा तो पुरावा आहे. रूपांतर चुकलं तर ताडून बघायला तीच उपयोगी पडते. मग मजकूर युनिकोडमध्ये बदला. कोणता फॉन्ट आहे ते नीट पाहून त्याच फॉन्टचं रूपांतरक वापरा. श्रीलिपीचा मजकूर कृतिदेवच्या रूपांतरकात घातला तर हाती काहीही लागत नाही.

रूपांतर झालं की वाचायला बसा. इथे घाई करू नका. जुन्या फॉन्टात अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. 'कि' लिहिताना जुन्या पद्धतीत वेलांटी आधी आणि क नंतर. युनिकोडमध्ये क आधी. रफार जुन्या पद्धतीत अक्षराच्या नंतर येतो, युनिकोडमध्ये आधी. रूपांतरकाला ही उलटापालट करावी लागते आणि जोडाक्षर आलं की तो चुकतो. म्हणून 'सूर्य'चं 'सूयर्' होतं आणि 'स्थिती'ची वेलांटी स च्या आधीच लटकून राहते. ज्या कुलवृत्तांताचं वर सांगितलं, त्यात रफाराचे महिने आणि रफाराची नावं, मार्गशीर्ष, कार्तिक, दुर्गा, सूर्यकांत, पानोपानी होती. तऱ्हा, कऱ्हाड, वाऱ्यावर यांतला ऱ हाही असाच अडणारा. सुदैवाने चुका एकाच साच्याच्या असतात. 'यर्' सगळीकडे शोधून 'र्य' करा, अशा दहा-वीस शोध-बदलांत बहुतेक मजकूर साफ होतो. उरलेलं डोळ्यांनी. घरातल्या ज्येष्ठांना या कामात जरूर घ्या. पणजीचं माहेरचं नाव दुर्गा होतं की दुर्वा, हे सांगणारं कोणी अजून घरात असेल तर तेवढ्यासाठीसुद्धा हे काम आत्ता करण्याजोगं आहे.

शेवटी फाइल ओडीटी या प्रकारात साठवा. ओपन डॉक्युमेंट हे २००६पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्याची रचना जाहीर आहे आणि ते कुठल्याही एका कंपनीच्या मर्जीवर अवलंबून नाही. लिनक्सवर जायचा बेत रद्द झाला तरी हे सगळे कष्ट वाया जात नाहीत. युनिकोड मजकूर विंडोजवरही तितकाच उपयोगी आहे.

केरळात याच अडचणीवर स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग या गटाने 'पय्यन्स' नावाचं रूपांतरक केलं. प्रत्येक जुन्या फॉन्टचा नकाशा त्यात एका साध्या मजकूर-फाइलीत असतो : हे चिन्ह म्हणजे हे अक्षर. नकाशा उघडा असल्याने चूक सापडेल तो ती दुरुस्त करू शकतो आणि ती दुरुस्ती सगळ्यांना मिळते. श्रीलिपी, आकृती, सुरेख यांचे असे तपासलेले, खुले नकाशे मराठीत एकत्र असायला हवेत असं मला तीव्रतेने वाटतं. प्रकाशक, ग्रंथालयं आणि जुने डीटीपी व्यावसायिक यांच्याइतकी ही चिन्हं कोणालाच ठाऊक नाहीत, आणि ते सगळे चालत जाण्याच्या अंतरावर बसतात.

टायपिंगची काळजी अनेकांना असते, ती निराधार आहे. इन्स्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये असतोच. आयबस हे टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि त्याच्या जोडीचं एम-१७-एन घेतलं की मराठीसाठी फोनेटिक, रेमिंग्टन, गमभन असे पर्याय मिळतात. टाइपरायटरवर बोटं बसलेल्यांनी रेमिंग्टन निवडावा. नव्याने शिकणाऱ्यांना मी इन्स्क्रिप्टच सुचवेन : आठ-पंधरा दिवस त्रास होतो, मग हात चालू लागतो.

प्रिंटर मात्र आत्ताच, पेनड्राइव्हवरच्या लिनक्समध्ये तपासा. आपल्याकडे घरोघरी दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० हा स्वतःची वेगळी बोली बोलतो आणि लिनक्सवर चालवायला चिकाटी लागते. एचपीच्या लेझरजेट १०२०ला दर वेळी चालू केल्यावर संगणकाकडून फर्मवेअर भरावं लागतं. एचपीलिप हे सॉफ्टवेअर आणि त्याचं प्लगइन बसवलं की ते आपोआप होतं. प्राप्तिकराची साधी विवरणपत्रं ब्राउझरमध्ये भरता येतात. टॅलीवर हिशेब असतील किंवा डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनवर रोजचं काम असेल, तर तेवढ्यासाठी विंडोज राहू द्या आणि दोन्ही शेजारी ठेवा. दोन्ही असताना विंडोजचं घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे पडलेलं दिसेल. लिनक्स यंत्रातल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तिलाच भारतीय वेळ समजतं. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं की हे मिटतं. ती आज्ञा पुढच्या लेखांकात येईल.

अडलात तर विचारा. पुण्यात लिनक्सवाल्यांची जुनी परंपरा आहे. पुणे लिनक्स यूझर्स ग्रुपची मंडळी मॉडेल कॉलनीतल्या सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत जमायची, तिथेच जीएनयुनिफायचे मेळावे भरायचे, आणि त्यातून शिकलेली माणसं आज शहरभर आहेत. तुमच्या सोसायटीतही एखादी असेल.

पुढच्या आठवड्यात हार्ड डिस्कची वाटणी. त्याआधी दोन गोष्टी तयार ठेवा. फायलींची एक प्रत संगणकाबाहेरच्या डिस्कवर, आणि विंडोजमध्ये डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून. ती संगणकातच ठेवू नका. लागेल तेव्हा नेमका तोच उघडत नसतो.