ज्ञानाचें वारूळ

वाळवीच्या वारुळाला गवंडी नसतो, मुकादमही नसतो. तरी त्यांत भुयारें, दालनें आणि हवा खेळविणारे मार्ग तयार होतात. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ ग्रासे यांनीं १९५९ सालीं याची उपपत्ति मांडली. एका वाळवीनें ठेवलेला मातीचा गोळाच दुसरीला पुढचें काम सुचवितो. हुकूम कोणी देत नाहीं. झालेलें काम पुढील कामाची दिशा दाखवितें. अशा आपोआप उभ्या राहणाऱ्या व्यवस्थेला स्वयंसंघटन म्हणतात.

कचेऱ्यांना याचा काय उपयोग, अशी शंका येणें साहजिक आहे. अमेरिकेंतील झेरॉक्स कंपनीचें उदाहरण त्या बाबतींत बोलकें आहे. नकला काढणारीं यंत्रें दुरुस्त करण्यासाठीं तिचे कारागीर गिऱ्हाइकांकडे फिरत. कोणत्या बिघाडावर कोणता उपाय, हें छापील पुस्तिकेंत दिलेलें असे. ज्युलियन ऑर या संशोधकानें १९८० च्या दशकांत या कारागिरांबरोबर हिंडून पाहिलें, तेव्हां निराळाच प्रकार दिसला. पुस्तिका जेथें थांबे तेथें कारागीर सहकाऱ्याला बोलावी, आणि पूर्वीं भेटलेल्या हट्टी यंत्रांच्या गोष्टी सांगत सांगत दोघे दोषाचा माग काढीत. न्याहारीला जमले तरी बोलणें हेंच! वरून पाहणाऱ्याला हा वेळेचा अपव्यय वाटावा. वस्तुतः कंपनीचें खरें ज्ञान त्या टेबलाभोंवतींच वाढत होतें.

त्या गप्पा मोडून न काढण्याचें शहाणपण कंपनीनें दाखविलें. डेन्व्हर भागांतील कारागिरांना तिनें परस्परांशीं बोलण्याचीं बिनतारी यंत्रें दिलीं. परंतु बोललेलें हवेंत विरतें. दूरच्या कारागिराला त्याचा लाभ नाहीं. म्हणून १९९० च्या दशकांत 'युरेका' नांवाचा संग्रह सुरू झाला. सुचलेली युक्ति कारागिरानें लिहून पाठवावी, जाणत्या सहकाऱ्यांनीं ती पारखावी, आणि टिकली तर लिहिणाऱ्याच्या नांवासह सर्वांना खुली व्हावी, अशी ही योजना. रोख बक्षिसाची कल्पना निघाली, तेव्हां तिला कारागिरांनींच विरोध केला. पैशाच्या आशेनें युक्त्यांची संख्या वाढेल, गुण वाढणार नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें.

वारुळाशीं असलेलें साम्य मात्र येथें संपतें. मातीचा गोळा पारखावा लागत नाहीं. खोटी युक्ति सर्वत्र पसरली तर चांगलीं यंत्रेंही बिघडतील. पारख हवीच, पण ती साहेबाच्या मेजावर न ठेवतां काम करणाऱ्यांच्या हातीं सोंपविणें वरिष्ठांना जड जातें. कित्येक कचेऱ्या येथेंच अडतात. महागडे संगणक घेतात, त्यांत परिपत्रकें भरून ठेवतात. आणि तीस वर्षांचें ज्ञान पोटांत घेऊन निवृत्त होणारा कारकून हारनारळ स्वीकारून घरीं जातो. त्याला कोणी कांहीं विचारलेलें नसतें.